मोसंबीचा निबंध आणि तू

नुसरत, तू गेलीस हे अजून सगळ्यांना कळलेलं नाही. आपल्या जर्नलचा ईमेल आपण दोघी बघायचो, आता मी एकटी बघते. त्यात तुझ्या नावानं आमंत्रणं येतच असतात. ‘आदरणीय डॉक्टर साहेब’ (तुला ते साहेबच म्हणतात), ‘आपल्या थोर संशोधनानं आम्ही भारावून गेलो आहोत, आपण आमच्या नियतकालिकाचं संपादकपद स्वीकारावं.’ परवाचं आमंत्रण जहाजबांधणीच्या जर्नलचं होतं. जालन्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला जहाजं. तू असतीस तर चष्मा कपाळावर सरकवून ते मोठ्यानं वाचून दाखवलं असतंस आणि शेवटी म्हणाली असतीस, “घाणेवाडीच्या तलावात सोडू एक.” मी नुसतं पुसून टाकलं.

तुझ्या मयतीला सगळं कॉलेज आलं होतं. मी आत बायकांमध्ये बसले. बाहेर जुन्या जालन्याची ती गल्ली नेहमीसारखी चालू होती, रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, मग कुणीतरी त्यांना थांबवलं असावं, कारण थोडा वेळ शांत झालं. तुझे यजमान हबीबभाई मला बघून म्हणाले, “मंगलताई, तुमची भांडायची जोडीदारीण गेली.” मला तेव्हा रडू आलं नाही. त्यांनी अगदी बरोबर शब्द वापरला, एवढंच मनात आलं.

भांडणं तर आपण पहिल्या दिवसापासून केली. जर्नल सुरू झालं तेही भांडणातूनच. त्या वर्षी कॉलेजात सगळ्यांना पेपर हवे होते. बढतीच्या फाइलला पेपर लागायचे आणि पेपर छापणारी नवी नवी जर्नलं रोज उगवत होती. फी भरा, संध्याकाळी पाठवा, दोन दिवसांत ‘तज्ज्ञांनी तपासून स्वीकारला’ असं प्रमाणपत्र घरी. तशात तुझं नाव एका दंतवैद्यकाच्या जर्नलच्या संपादक मंडळात सापडलं, फोटोसकट. तुला कुणी विचारलंही नव्हतं. तू त्यांना खरमरीत लिहिलंस की माझं नाव ताबडतोब काढा. उत्तर आलं की आपली नाराजी आम्ही समजू शकतो, तरी आम्ही आपल्याला मुख्य संपादक करत आहोत. स्टाफरूममध्ये सगळे पोट धरून हसले. तू हसली नाहीस. मला म्हणालीस, “हसण्यावारी न्यायचं न्हाई हे. आपणच काढू एक. बराबर काढू.”

मी म्हटलं होतं, कोण वाचणार? फी घ्यायची नाही म्हणतेस, तर चालणार कसं? वेबसाइट मुलं करून देतील, पण पेपर तपासायला माणसं कुठून आणायची? तुझं ठरलेलं होतं. लिहिणाऱ्याकडून पैसे नाहीत, वाचणाऱ्याकडून नाहीत, आणि प्रत्येक पेपर दोन जणांनी खरोखर वाचायचा. त्यावर तू आणखी एक अट घातलीस, तिच्यावरून मी तुझ्याशी बरेच दिवस हुज्जत घातली. प्रत्येक पेपरला मराठीत सारांश. सोपा, कुणालाही कळेल असा. मी म्हणायचे, हे संशोधन आहे, पंचांग नाही. तू म्हणायचीस, “ज्याच्या शेतात जाऊन पानं मोजली, त्याला कळू दे ना काय मोजलं ते.”

तू जिंकलीस. आणि माणसं वाचायला लागली, हेही खरं. चिकूवरच्या बुरशीचा सारांश मला माझ्या दूधवाल्यानं मोबाईलवर दाखवला, तेव्हा मी तुला मुद्दाम सांगितलं नाही. दोन दिवस तुझं बोलणं ऐकावं लागलं असतं.

तुझ्या रिव्ह्यूंबद्दल मात्र माझं कधीच भांडण नव्हतं. अतिशय टुकार पेपरलासुद्धा तू दोन-दोन पानं लिहायचीस. नुसतं ‘नाकारला’ म्हणून परत पाठवायचं तुला जमायचं नाही. “त्यानं मेहनत केली न्हाई म्हणून आपण बी करायची न्हाई का?” बीडच्या एका मास्तरांचा पेपर तू चार वेळा परत पाठवलास. पाचव्यांदा तो इतका सुधारला होता की मी तुझ्याकडे बघतच राहिले. ते मास्तर तुझ्या नावानं चिडायचे, आणि मयतीच्या दिवशी पहिल्या बसनं आले होते.

आता संदीपचं. ते टाळून हे लिहिण्यात अर्थ नाही.

संदीप टेंभुर्णीचा. तुझा लाडका विद्यार्थी, तुझ्याच हाताखाली पीएच.डी. झालेला. ईदला तुमच्याकडे शिरखुर्मा प्यायला पहिला तोच हजर असायचा, आणि हबीबभाई दुकानातून त्याच्यासाठी शर्टाचं कापड काढून ठेवायचे. तो एका कॉलेजात लागला आणि त्यानं आपल्या जर्नलला पेपर पाठवला. मोसंबीच्या पानांवर नागअळी पडते, तिच्यावर सीताफळाच्या बियांचा अर्क फवारला तर कसा गुण येतो, याचा. दोन बागांमधले प्रयोग, तक्ते, फोटो, सगळं नीट होतं. तुझा विद्यार्थी म्हणून तू स्वतः तो तपासला नाहीस, बाहेरच्या दोघांना पाठवलास. त्यांनी चांगलं म्हटलं. आपण छापला. मराठी सारांश संदीपनंच लिहिला, छान लिहिला, आणि तो मोबाईलवरून सगळ्या जिल्ह्यात फिरला. तू महिनाभर खुशीत होतीस.

मग मंठ्याकडून शेषरावांचा फोन आला. शेषराव म्हणजे एसटीतून निवृत्त होऊन मोसंबीची बाग केलेले गृहस्थ. सारांश वाचून त्यांनी त्यात दिलेल्या प्रमाणात अर्क फवारला होता. पानं करपली आणि बोराएवढी झालेली फळं झाडाखाली पडली. “तुमच्यात लिहिलंय तेवढंच घेतलं मी, थेंबभर जास्त न्हाई,” ते म्हणत होते. तू फोन ठेवलास, पेपर उघडलास, आणि बऱ्याच वेळानं मला हाक मारलीस.

“मंगल, कीटकशास्त्र तुझं, तू अळ्यांवाली. हे बघ.”

नागअळी पानाच्या आत शिरून खात जाते आणि मागे चांदीसारखी वळणावळणाची रेघ सोडते. दोन पानांवरची रेघ कधी एकसारखी नसते. संदीपच्या पेपरात एका बागेतल्या फवारणीआधीच्या पानाचा फोटो होता, आणि दुसऱ्या बागेतल्या न फवारलेल्या झाडाच्या पानाचा. दोन्हींवर तीच रेघ, फक्त फोटो उलटा केलेला. एकच पान होतं.

“चुकून लागला असेल,” मी म्हटलं.

“उलटा करून चुकून?” तू म्हणालीस.

आपण टेंभुर्णीला गेलो. संदीपला आदल्या दिवशी सांगितलं होतं, बाग बघायला येतो म्हणून. तो फाट्यावर येऊन थांबला होता. चेहऱ्यावरूनच सगळं कळत होतं. त्यानं आपल्याला मामाच्या शेताकडे नेलं, आणि तिथे मका उभा होता. पलीकडे काढलेल्या झाडांची खोडं बांधाला रचून ठेवलेली. दुसरी बाग कुठे, असं तू विचारलंसच नाहीस.

“पहिल्या दोन फवारण्या खऱ्या होत्या मॅडम,” तो म्हणाला. “आईशपथ. मंग बोअरचं पाणी गेलं. मामानं झाडं काढून टाकली. मी न्हाई म्हणू शकलो न्हाई, शेत त्यांचं. पुढचं अंदाजानं भरलं.”

“आणि प्रमाण? जे तू लोकांना सांगितलं, ते?”

तो बांधावरच्या एका खोडाची साल सोलायला लागला.

“पाणी गेलं होतं तर तेच लिहायचं होतं ना,” तू म्हणालीस. “पाणी गेलं, झाडं काढली, प्रयोग थांबला. एवढ्या एवढ्यावरून एवढं कळलं, पुढचं माहीत न्हाई.”

“असा पेपर कोण छापतं मॅडम?”

“मी छापला असता.”

तो रडायला लागला. सगळेच करून राह्यलेत मॅडम, आमच्या डिपार्टमेंटला विचारा, असं काहीबाही बोलत होता. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास, आणि तरी मला तेव्हाच कळलं की तू माघार घेणार नाहीस. परतीच्या वाटेवर तू खिडकीबाहेर बघत होतीस.

आपलं खरं भांडण त्यानंतरचं. तुमच्या माडीवर, हबीबभाईंनी पाठवलेला चहा निवत ठेवून. माझं म्हणणं साधं होतं. निबंध वेबसाइटवरून काढून टाकू, गुपचूप. पोरगा नवीन लागलेला, घरी पाळण्यातली मुलगी, वर्गातला मागे पडलेला मुलगा आपण जसा सांभाळून घेतो तसा घेऊ. चूक चूकच, पण नोकरीच्या सुरुवातीलाच त्याच्या नावाला डाग कशाला?

तू म्हणालीस, “काढून टाकला तर तो चुकीचा होता हे कुणाला कळणार? लोक म्हणतील, वेबसाइट बिघडली. ज्याच्या मोबाईलमधी सारांश पडलाय, तो फवारतच राहणार.”

“तो तर ‘फवारू नका’ अशी सूचना लावली तरी फवारेल,” मी म्हटलं. “सारांश गावभर झाला. सूचना कोण पुढे पाठवतंय?”

आपण दारं उघडी ठेवली म्हणून चांगलं बाहेर गेलं, तसं वाईटही गेलं, आणि ते परत बोलावता येत नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, “मंग निदान जो शोधत येईल त्याला तरी सापडू दे.”

निबंध जागेवर ठेवायचा, त्याच्यावर आडवं ‘मागे घेतला’ असं लिहायचं, आणि खाली कारण. कारण खरं. ‘लेखकाच्या विनंतीवरून’ असं लिहू, असं मी सुचवलं. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी ते वाक्य गिळलं. मग तू लिहायला बसलीस. मराठीत आधी, इंग्रजीत नंतर. अर्काचं प्रमाण तपासलेलं नाही, कुणीही फवारू नये. दुसऱ्या बागेतला प्रयोग झालेलाच नाही. पहिल्या दोन फवारण्या झाल्या होत्या हेही तू लिहिलंस, कारण ते खरं होतं. आणि सगळ्यात शेवटी, ‘फोटो आम्ही नीट बघायला हवे होते, ते बघितले नाहीत. ही चूक संपादकांची आहे.’

“आम्ही कशाला?” मी म्हटलं. “मला हे सगळं मान्य नाही.”

तू खोडून ‘मी’ केलंस. शांतपणे, न रागावता. त्याचाच मला राग आला. तुझ्या हातातून मी कीबोर्ड घेतला आणि पुन्हा ‘आम्ही’ केलं. “मान्य नाही, पण फोटो मीही बघितले नव्हते,” मी म्हटलं. तेव्हा तू चहाचा कप उचललास. “थंड पाणी झालं याचं,” म्हणालीस, आणि तसाच प्यालीस.

शेषरावांकडे जायचं तूच ठरवलंस. मी म्हटलं, फोन कर. तू म्हणालीस, नुकसान फोनवर न्हाई झालं त्यांचं. मला वाटलं होतं, बाई स्वतः आली म्हणून ते चार शब्द बरे बोलतील. तसं काही झालं नाही. त्यांनी आपल्याला बसाही म्हटलं नाही. झाडांखालून हिंडवलं, करपलेल्या फांद्या दाखवल्या. तू सांगितलंस की निबंध चुकीचा होता, आम्ही नीट तपासला नाही, माफ करा.

“आता येऊन काय फायदा बाई?” ते म्हणाले. “बहार तर गेला. मी दुकानदाराचं ऐकलं असतं तर म्हणलं असतं, चोर हाय, विकायला बसलाय. तुमचं फुकटचं होतं, म्हणून विश्वास ठेवला.”

तू मान खाली घालून ऐकलंस. मंठ्यात येऊन आपण उसाचा रस घेतला. तू अर्धा ग्लास ठेवून म्हणालीस, “फुकटचं होतं म्हणून विश्वास ठेवला म्हणे. बघ, केवढी जबाबदारी असती फुकटची.”

त्यानंतर जर्नलकडे पेपर येणं जवळजवळ थांबलं. आपण कारणं सांगून पेपर नाकारायचो ते लोकांनी चालवून घेतलं, पण छापलेला मागे घेतात म्हटल्यावर घाबरले. स्टाफरूममध्ये तुझ्या मागे बोलायचे, स्वतःच्याच पोराची वाट लावली बाईनं. आणि संदीपचं? त्यानं दोन निबंध त्या झटपट जर्नलांना पाठवले, फी भरली, आणि त्याची बढती झाली. पेढ्यांचा डबा आपल्या स्टाफरूममध्येही आला. तुझ्या टेबलापाशी तो डबा आला नाही. मी परत जागेवर बसले तेव्हा तू पेपर तपासत होतीस. मान वर न करता विचारलंस, “पेढे कसे होते?”

“बरे होते,” मी म्हटलं. आणि तेव्हाच म्हणून टाकलं, “बघ नुसरत, काय मिळालं? त्याचं काही अडलं नाही. बंद पडतंय ते आपलंच.”

“त्याचं अडावं म्हणून केलंच न्हवतं,” तू म्हणालीस.

तुला किती लागलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही नाही, तू सांगितलं नसतंस. दर ईदला शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देताना, सहज विचारल्यासारखं, विचारायचीस, “संदीप दिसला का कुठं?” मी म्हणायचे, नाही. तू पुढच्या पाहुण्याकडे वळायचीस. आपलं त्याच्याबद्दलचं बोलणं एवढंच उरलं होतं.

जर्नल बंद पडलं नाही. हळूहळू पुन्हा पेपर आले, थोडे आले, पण ज्यांनी पाठवले त्यांनी जपून पाठवले. नांदेडच्या एका मुलीनं चक्क अपुरा राहिलेला प्रयोग पाठवला, पूर आला, रोपं वाहून गेली असं स्पष्ट लिहून. तू तो पहिल्या पानावर छापलास. मी त्याचं प्रूफ तपासून दिलं.

आता जे तुला सांगायचं आहे ते. संदीप आला होता. तुला जाऊन काही दिवस झाले होते. तो मयतीला आला नव्हता, माझ्या घरी आला, दुपारचा. थोडा जाड झालाय. डोक्यावरचे केस गेलेत. बराच वेळ तुझ्या प्रयोगशाळेतल्या आठवणी सांगत बसला, शाई सांडली म्हणून तू त्याला फरशी पुसायला लावली होतीस ते. मग म्हणाला, तो आता एका जर्नलच्या संपादक मंडळावर आहे आणि मॅडमच्या नावानं विशेषांक काढायचा विचार आहे. मी विचारलं, लिहिणाऱ्यांना फी आहे का? तो म्हणाला, थोडीशी. मी म्हटलं, “मग तिच्या नावानं नको.” त्यानं ते लगेच मान्य केलं. वाद घातला नाही.

मग खरं कारण निघालं.

“मॅडम, ते मागे घेतल्याचं आता काढता येईल का? पोरगी सातवीत हाय. शाळेत कायतरी करायचं होतं म्हणून तिनं मोबाईलवर माझं नाव टाकलं. सगळ्यात वर तेच आलं. मला विचारती, पप्पा, मागे घेतला म्हणजे काय?”

“मग तू काय सांगितलंस?” मी विचारलं. तो म्हणाला, काहीच न्हाई सांगितलं.

नुसरत, पासवर्ड आता माझ्या एकटीकडे आहे. पाच मिनिटांचं काम होतं. शेषरावांनी मोसंबी काढून टाकली, तो सारांश आता कुणाच्या मोबाईलमध्येही नसेल. आणि माझं मत तेव्हा होतं तेच आहे. माणसाच्या एका चुकीची पाटी त्याच्या मुलीनं वाचेपर्यंत ठेवू नये, असं मला अजूनही वाटतं. तू असतीस तर मी हे तुझ्या तोंडावर पुन्हा म्हटलं असतं.

त्याला मी म्हटलं, प्रयोग पुन्हा कर, जे निघेल ते मी छापते, त्याच सूचनेच्या खाली त्याचा दुवा देते. तो कसनुसा हसला. “आता कुठं मॅडम. वेळ न्हाई, शेत न्हाई.” मग म्हणाला, “तुमचं तर तेव्हाच म्हणणं होतं ना, का गुपचूप काढून टाकावा. नुसरत मॅडमनी मला सांगितल्तं.”

“कधी?”

“फोन केल्ता त्यांनी. सूचना लावली त्या दिवशी. म्हणल्या, तुझ्यासाठी मंगल मॅडम माझ्याशी खूप भांडल्या, तेवढं ध्यानात ठेव. मी तसाच ठेवून दिला फोन.”

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं. परत आले तेव्हा तो तसाच बसला होता, माझ्याकडे बघत, उत्तराची वाट बघत.

“म्हणणं होतं,” मी म्हटलं. “आजही तेच आहे.”

“मंग?”

“मग काय संदीप. तेव्हा मी बिनधास्त तसं म्हणू शकत होते, कारण नाही म्हणायला ती होती.”

तो पाणी प्याला. ग्लास खाली ठेवला. खिडकीतून उन्हाकडे बघत राहिला.

“मॅडम असत्या तर न्हाईच म्हणल्या असत्या,” तो म्हणाला.

“हो.”

“मंग राहू द्या,” असं म्हणून तो उठला, आणि दारात जाऊन चपला घालायला लागला.